अ‍ॅबिंग्डनहून नेदर्टनपर्यंत

विलायतेस जाणारा आपला मनुष्य लंडनच्या म्यूझियमांत दोन दिवस पायपीट करतो, ऑक्सफर्डच्या कॉलेजांचीं अंगणें पाहतो, शेक्सपिअरच्या गांवीं जाऊन येतो आणि घरच्या मुलांकरितां चॉकलेटें घेऊन परततो. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस अवघ्या सहा मैलांवर, थेम्स नदीच्या कांठीं, अ‍ॅबिंग्डन नांवाचें एक टुमदार गांव आहे. तिकडे तो सहसा फिरकत नाहीं. त्यांत त्याचा दोष नाहीं. गांव लहान, आणि त्याच्या वांट्यास आलेली कीर्तीहि मोठी चमत्कारिक. १९२९ पासून १९८० पर्यंत या गांवांतून एम. जी. नांवाच्या लहान, वेगवान मोटारी जगभर गेल्या. आज तेथें एकहि मोटार तयार होत नाहीं. तरीहि जुन्या एम. जी. बाळगणारे शौकीन लोक या गांवाकडे, वारकऱ्यानें पंढरीकडे पहावें तसे पाहतात.

आमचें तिकडे जाणें झालें तें अशाच एका मोटारीपायीं. माझे थोरले बंधू १९६४ सालीं डॉक्टर म्हणून इंग्लंडांत गेले. त्या दशकांत तेथील सरकारी आरोग्यखात्यास डॉक्टर अपुरे पडत होते आणि आपल्याकडील कितीतरी तरुण डॉक्टरांनीं तिकडची वाट धरली. पहिलीं वर्षें काटकसरींत काढल्यावर बंधूंनीं एक वापरलेली, १९६७ सालची, एम. जी. बी. मोटार घेतली. त्या वेळीं पुण्यास आमच्या घरांत केवढी चर्चा झाली! दोनच माणसें बसतील अशी मोटार एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास शोभते काय, असें आमच्या आजीनें पत्रानें विचारलें. बंधूंनीं उत्तरादाखल मोटारीचा फोटो पाठविला; शेजारच्या आसनावर डोक्याला रुमाल बांधून वहिनी बसलेल्या होत्या. आजीनें तो फोटो देवघराच्या भिंतीवर लाविला आणि विषय संपला.

बंधूंना जाऊन आतां सहा वर्षें झालीं. तेव्हांपासून मोटार ऑक्सफर्ड येथें पुतण्याच्या गराजांत कापडाखालीं उभी होती. २०२४ च्या वसंतांत मी तिकडे गेलों तेव्हां नातीचें लग्न ठरलेलें होतें, आणि वहिनींनीं एकच इच्छा बोलून दाखविली होती: लग्नाच्या दिवशीं नातीनें ती मोटार स्वतः चालवावी आणि आपण शेजारीं बसून मांडवापर्यंत जावें. वहिनींचें वय चौऱ्यायशीं. त्यांनीं स्वतःकरितां कधीं कांहीं मागितल्याचें आमच्यापैकीं कोणासहि आठवत नाहीं. तेव्हां नकार देण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो मोटारीच्या पुढच्या चाकांचा. "काका, तुमचा जन्म यंत्रशास्त्र शिकविण्यांत गेला, हें काम कोणाच्या हातीं द्यायचें तें तुम्हीच ठरवा," असें म्हणून पुतण्यानें तो भार माझ्यावर टाकला.

ज्या वाचकांचा मोटारीशीं संबंध केवळ आंत बसण्यापुरता आहे त्यांच्याकरितां थोडा खुलासा केला पाहिजे. चाक आणि मोटारीचा सांगाडा यांच्यामध्यें स्प्रिंगा, दांडे आणि सांधे यांचें जें जोडकाम असतें त्यास सस्पेन्शन म्हणतात. खड्ड्यावरून जातांना चाक वर उचललें जातें आणि स्प्रिंग दबते, म्हणून आंत बसणाऱ्याची हाडें शाबूत राहतात. परंतु दबलेली स्प्रिंग उसळते, आणि मोकळी सोडली तर उसळतच राहते. तिला आवरणारें जें यंत्र त्यास आपल्याकडील मिस्त्री 'शॉकअप' म्हणतात. हल्लींच्या मोटारींत तें नळीसारखें असतें. एम. जी. बी. मध्यें तें अगदीं निराळें आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचें एक ओतीव घर, त्यांत तेल, तेलांत दोन दट्ट्ये, आणि घरांतून आरपार जाणारा एक पोलादी दांडा. दांड्याच्या टोकांस हात जोडलेले. चाक वरखालीं झालें कीं हात हलतो, दांडा फिरतो, दट्ट्ये तेलास बारीक झडपांतून रेटतात, आणि त्या विरोधांत उसळी विरून जाते.

येथपर्यंत ठीक आहे; खरी गोम पुढेंच आहे. दुसऱ्या पुष्कळ मोटारींत शॉकअप निकामी झाला तर गाडी होडीसारखी डुलते आणि तिच्यावरचा ताबा थोडा सुटतो. या मोटारींत पुढच्या शॉकअपचा हात हाच चाकाला वरून धरणारा हात आहे! खालून एक रुंद हात, वरून हा शॉकअपचा. दोहोंच्या मध्यें किंगपिन नांवाचा उभा खिळा, आणि त्या खिळ्याभोंवतीं चाक वळतें. म्हणजे दांड्याचें भोंक झिजून दांडा खुळखुळूं लागला कीं चाकाचा उभा राहण्याचा कोनच बदलूं लागतो, आणि जोरानें ब्रेक लाविला असतां मोटार कोणत्या बाजूस ओढेल याचा भरंवसा राहत नाहीं. आमच्या मोटारीचे पुढचे दोन्ही शॉकअप तेलानें माखलेले होते, उजव्याचा दांडा बोटांनीं हलत होता, आणि डावा किंगपिन इतका ताठरला होता कीं सुकाणूचक्र वळवितांना पुतण्याच्या खांद्यांस कळ लागे. बंधू असेपर्यंत तीन हजार मैलांगणिक प्रत्येक बाजूच्या तिन्ही निपलांतून ग्रीस भरीत. तशी नोंद त्यांच्या वहींत आहे. शेवटची नोंद २०११ ची. सुकाणूवर नात, शेजारीं तिची आजी, आणि मोटार अशी कीं जींत हल्लींच्या हवेच्या उशा वगैरे कांहीं नाहीं. यापुढें अधिक लिहिण्याची जरूर नाहीं.

मोटार ज्या गांवीं जन्मली त्या गांवींच तिचा वैद्य असेल, हा विचार प्रथम मनांत येणें साहजिक होतें. म्हणून एका शनिवारीं आम्ही अ‍ॅबिंग्डनला गेलों. नदीवरचा दगडी पूल १४१६ सालीं बांधावयास घेतलेला. बाजारचौकांत काउंटी हॉल नांवाची उंच, देखणी इमारत आहे. रेन या प्रसिद्ध शिल्पज्ञाच्या हाताखालीं काम केलेल्या ख्रिस्तोफर केम्प्स्टर नांवाच्या गवंड्यानें १६७८ ते १६८२ च्या दरम्यान ती उभारली. राजघराण्यांत राज्यारोहणासारखा कांहीं समारंभ झाला म्हणजे या इमारतीच्या गच्चीवरून जमलेल्या लोकांवर गोड पाव फेंकण्याची चाल येथें १७६१ पासून आहे. आपल्याकडे हत्तीवरून साखर वांटीत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच कीं अ‍ॅबिंग्डनच्या लोकांनीं त्यांतले कांहीं पाव न खातां म्यूझियमांत जपून ठेवले आहेत. वाळून कोळ झालेले ते पाव पाहून वहिनी मनमुराद हंसल्या.

त्याच म्यूझियमांत या गांवच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली शेवटची एम. जी. बी. उभी आहे. कारखाना मार्चम रस्त्यावर, पाव्हलोव्हा नांवाच्या चामड्याच्या कारखान्याच्या आवारांत होता. ऑक्सफर्डच्या मॉरिस गराजेसचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं ही मोटार नांवारूपास आणली, आणि १९२९ मध्यें बिऱ्हाड येथें हालविलें. हे गृहस्थ वेगाचे भोक्ते; परंतु त्यांना मृत्यू आला तो १९४५ मध्यें लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनापाशीं, चढावर गति न मिळाल्यामुळें मागें घसरत आलेल्या आगगाडींत. १९७९ च्या सप्टेंबरांत गांवानें कारखान्याच्या पन्नाशीचा मोठा उत्सव केला; आणि तो आटोपतो न आटोपतो तोंच मालकांनीं कारखाना बंद करण्याचें जाहीर केलें. १९८० च्या ऑक्टोबरांत दरवाजे मिटले. आज त्या जागीं कार्यालयें आहेत, घरें आहेत. जवळच्या स्मशान-रस्त्यावर एम. जी. बाळगणाऱ्यांच्या क्लबाचें कार्यालय आहे, त्यास किंबर हाउस असें नांव दिलेलें आहे.

या सर्व हिंडण्यांत शॉकअप दुरुस्त करणारा कोणी भेटला नाहीं, आणि थोडा विचार केल्यावर त्यांत नवल वाटेनासें झालें. अ‍ॅबिंग्डनला मोटार घडत नव्हती, जुळत होती. सांगाडे स्विंडनहून येत, एंजिनें कोव्हेंट्रीहून येत, शॉकअपवर नांव आर्मस्ट्राँग कंपनीचें, आणि ती कंपनी पार उत्तरेस यॉर्कशायरांतील बेव्हर्ली गांवची. येथील कामगार हे भाग जोडीत आणि मोटार एका जागेवरून पुढच्या जागेवर हातांनीं ढकलीत नेत. त्यांचें कसब कमी प्रतीचें होतें असें नव्हे. परंतु लोखंड कांतणारे, भोंकें पाडणारे हात या गांवचे नव्हतेच. नांवाची पाटी एका गांवीं आणि कसब दुसऱ्या गांवीं, हा प्रकार आपल्या पैठण्यांच्या बाबतींतहि दिसतो. पैठणपेक्षां येवल्यास आज माग अधिक.

मग चौकशी सुरू झाली. पहिला पर्याय सुटे भाग विकणाऱ्या एका मोठ्या पेढीचा. तेथील रीत अदलाबदलीची: तुमचा जुना शॉकअप द्या, दुरुस्त करून ठेवलेला दुसरा घ्या. दर हलका, काम एका दिवसाचें. ही रीत मुळांतच वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. ज्याची मोटार रोजच्या कामाची आहे त्यास तीच सोयीची. परंतु आपल्या हातीं येणारा शॉकअप कोणाच्या मोटारीचा, किती झिजलेला, आणि तो खरोखर उघडून दुरुस्त झाला कीं नुसता धुवून, रंगवून, त्यांत जाड तेल भरून कपाटांत ठेवला, हें बाहेरून ओळखतां येत नाहीं. जाड तेलानें झिजलेला शॉकअपहि कांहीं दिवस कडक लागतो. पुतण्याच्या एका स्नेह्यानें अशीच एक जोडी कोठूनशी घेतली होती. चार महिन्यांत आंतलें तेल त्याच्या गराजच्या फरशीवर आलें. नवें सील घातलें होतें म्हणे! घातलें असेलहि. परंतु दांडा जर भोंकांत खुळखुळत असेल तर सील बिचारें काय करणार? खरी दुरुस्ती म्हणजे घराचें झिजलेलें भोंक यंत्रावर मोठें करून त्यांत नवें बुश बसविणें, दांडा कांतून अथवा बदलून त्या बुशाशीं नेमका जुळविणें, आणि मग सील घालणें. हें काम वेळखाऊ आहे, आणि रंगाखालीं तें दिसत नाहीं.

या अदलाबदलीविषयीं वहिनींचा आक्षेप निराळाच होता. "भावजी, ह्यांनीं हातानें ग्रीस घातलेलें तेंच परत येईल ना?" असें त्यांनीं विचारलें. पुतण्यास हें भाबडेपण वाटलें. मला तसें वाटलें नाहीं. आपल्या घरीं कल्हईवाला येई तेव्हां नवसागराच्या धुरांत मुलें भोंवतीं बसत, आणि आईचा डोळा आपल्या पातेल्यांवर असे. प्रत्येकावर नांव घातलेलें असूनहि ती मोजून घेई. जातें टाकविण्यास देणारी बाई बदल्यांत शेजारणीचें जातें घरीं आणीत नाहीं. ज्या वस्तूचा इतिहास आपणांस ठाऊक आहे ती हातीं ठेवण्यांत केवळ माया नसते, व्यवहारहि असतो. बंधूंच्या वहीवरून त्या दोन शॉकअपांचें सारें आयुष्य आम्हांस माहीत होतें: ते कधीं आपटले नव्हते, आणि त्यांच्या घरांस तडा गेलेला नव्हता. परक्या शॉकअपाची असली जन्मपत्रिका कोण देणार?

दुसरा पर्याय ऑक्सफर्डपासून जवळच्याच एका चकचकीत दुकानाचा. फरशी आरशासारखी, भिंतींवर बक्षिसांच्या ढाली. तेथील तरुण गृहस्थांनीं जुना शॉकअप हातांतहि न घेतां सांगितलें कीं, हा जमाना गेला. आतां नळीचे शॉकअप बसवा. मीं त्यांचा संच पाहण्यास मागितला. त्या संचांत नवी नळी खालच्या हातास जोडावयाची होती खरी, परंतु चाकाला वरून धरण्याकरितां जुन्या शॉकअपाचें घर आणि हात आंतलीं झडपें काढून तसेच ठेवावयाचे होते. म्हणजे ज्या झिजलेल्या दांड्याची आम्हांस भीति, तोच दांडा पुन्हां चाक धरणार! हें मीं सौम्यपणें बोलून दाखविलें, तेव्हां त्यांनीं चहा मागविला. चहा उत्तम होता.

तिसरा पत्ता किंबर हाउसमधील एका वृद्ध सभासदानें कागदाच्या कपट्यावर लिहून दिला: बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस, नेदर्टन. मोटार अर्थातच नेतां येत नव्हती. पुतण्यानें खालच्या हातास जॅकचा भक्कम आधार देऊन, दबलेली स्प्रिंग जागच्या जागीं जखडून, दोन्ही शॉकअप सोडविले. घरीं हें काम करूं पाहणारांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. वहिनींनीं ते दोन्ही नग आपल्या जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळून दिले. नेणारी मोटारहि एम. जी. च होती, पण विजेवर चालणारी. तेंच आठ कोनांचें चिन्ह आज एका चिनी कंपनीच्या मालकीचें आहे, आणि त्याच चिन्हाच्या गुजराथेंत हालोल येथें तयार झालेल्या मोटारी पुण्याच्या रस्त्यांवरहि दिसतात. नव्या एम. जी. च्या पोटांत जुनीचे सांधे घेऊन दीड-दोन तासांत आम्ही पोंचलों.

या मुलखास 'ब्लॅक कंट्री' म्हणतात. कोळशानें आणि भट्ट्यांच्या धुरानें काळवंडलेला म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात. आज धूर नाहीं. कालव्यांत बदकें पोहत असतात. याच नेदर्टन गांवीं १९११ मध्यें टायटॅनिक जहाजाचा मोठा नांगर घडविला गेला, आणि वीस घोडे जुंपून तो डड्लीच्या स्टेशनापर्यंत ओढीत नेला. शेजारच्या क्रॅड्ली हीथ गांवांतील बायका घरामागच्या लहान भट्ट्यांवर सांखळ्यांच्या कड्या ठोकीत. १९१० मध्यें मेरी मॅकार्थर हिच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं दहा आठवडे संप करून ठरलेली मजुरी पदरांत पाडून घेतली. अ‍ॅबिंग्डनच्या म्यूझियमापेक्षां येथील विटकरी भिंतींत मला मोटारीचें माहेर अधिक जाणवलें.

दुकान म्हणजे कालव्याकांठची एक पडवी. दोन माणसें, एक जुनें लेथ, एक भोंकें पाडण्याचें यंत्र, आणि फळीवर शॉकअपांचीं घरें ओळीनें मांडलेलीं. प्रत्येकास दोऱ्यानें चिठ्ठी बांधलेली. म्हाताऱ्या कारागिरानें फडकें सोडलें, लुगड्याच्या कांठावरून एकदां बोट फिरविलें, आणि उजव्या शॉकअपाचा हात धरून तो आडवा ओढून पाहिला. मग तोच हात सावकाश वर नेला, खालीं आणला. मध्यें एका ठिकाणीं विरोध नाहींसा होत होता. तेथें तो थांबला, आणि तीच जागा त्यानें माझ्या हातानें मला दाखविली. नंतर प्रश्न: मोटार किती वर्षें उभी होती? कोरड्या जागेंत कीं ओलींत? कोण चालविणार? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ऐकून तो क्षणभर गप्प राहिला.

दुसऱ्या कोणा गिऱ्हाइकाचा उघडलेला दांडा त्यानें माझ्या हातीं दिला. डोळ्यांस तो गुळगुळीत दिसत होता. नख फिरविलें तेव्हां झिजेची कड लागली. घर मोठें करून बुश घालीन, दांडा नवा करीन, तुमचींच घरें तुम्हांस परत मिळतील, परंतु चार आठवडे लागतील आणि त्याआधीं विचारावयास येऊं नये, असें त्यानें सांगितलें. त्यापुढें मीं किंगपिनांविषयीं विचारलें. तें काम मी घेत नाहीं, तो म्हणाला. किंगपिनाचीं वरचें आणि खालचें अशीं दोन्ही बुशें दाबून बसविल्यावर एकाच लांब रीमरनें एका रेषेंत घासावीं लागतात. तो रीमर माझ्यापाशीं नाहीं, आणि निरनिराळीं घासलीं तर नवा खिळाहि सहा महिन्यांत अडकेल. असें म्हणून त्यानें डड्ली रस्त्यावरील दुसऱ्या एका माणसाचें नांव दिलें. माझ्यापुरता निर्णय तेथेंच झाला. पुतण्या अजून दराचा हिशेब करीत होता, कारण दर अदलाबदलीच्या जवळजवळ दुप्पट होता; तो मीं त्यास करूं दिला.

पांचव्या आठवड्यांत चिठ्ठी आली. शॉकअप रंगविलेले नव्हते, नुसते स्वच्छ होते. कारागिरानें ते पकडींत धरून त्यांचे हात माझ्याकडून हालविले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही दिशांस, दाट पाकांत पळी फिरावी तसा सारखा विरोध. जुने दोन दांडे त्यानें न मागतां पुडींत बांधून दिले होते. नवे किंगपिन दुसऱ्या माणसानें बसविले, खालच्या हातांचीं रबरी बुशेंहि त्यानेंच बदललीं, आणि पुतण्यानें महिनाभर एकट्यानें मोटार फिरवून, दर शनिवारीं खालीं निजून, तेलाचा थेंब कोठें दिसतो काय तें पाहिलें. थेंब दिसला नाहीं.

लग्न सप्टेंबरांत झालें. घरापासून मांडव अकरा मैलांवर होता. नातीनें तें सारें अंतर ताशीं तीस मैलांच्या पुढें न जातां कापलें, आणि मागें मोटारींची रांग लागली, अशी वहिनींची अजून तक्रार आहे. "हे असते तर साठावर नेली असती," असें त्या येणाऱ्याजाणाऱ्यास सांगतात.